शालेय आहार : वजन, घड्याळ आणि चव

दुपारच्या भोजनाची घंटा होण्यापूर्वी शिक्षकाने शिजलेले अन्न स्वतः चाखून पाहावे आणि तशी नोंद चव-नोंदवहीत करावी, हा नियम प्राथमिक शाळांतील सर्व शिक्षकांच्या परिचयाचा आहे. अतिपरिचयामुळेच तो कित्येक ठिकाणी सहीपुरता उरला आहे. एकाच शाईने, एकाच बैठकीत महिनाभराच्या सह्या झालेली वही तपासणीत आढळते. अशा वहीमागे लबाडीपेक्षा गैरसमजच अधिक असतो. चव घेणे म्हणजे मीठ-तिखट पाहणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि मीठ-तिखट पाहण्यास स्वयंपाकीणबाई समर्थ असताना त्यात गुरुजींनी कशाला लक्ष घालावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः शालेय आहाराच्या नियमांत तीन वेगवेगळे पहारेकरी नेमलेले आहेत : वजन, घड्याळ आणि चव. प्रत्येकाचा शत्रू निराळा आहे. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही, आणि एक झोपला तर उरलेले दोघे जागे असूनही अनर्थ टळत नाही. हे तिघे नेमके कोणापासून रक्षण करतात, हे समजल्यास नियम ओझे वाटत नाहीत.

केंद्र शासनाची या आहाराची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी महाराष्ट्रात नियमित उपस्थिती असणाऱ्या मुलास दरमहा ३ किलो तांदूळ घरी दिला जाई. तो धान्याचा तांदूळ होता. तो निवडण्याची, धुण्याची, शिजविण्याची जबाबदारी त्या मुलाच्या आईची होती. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला की, मुलांना कोरडे धान्य न देता शाळेत शिजविलेले अन्न द्यावे. त्या दिवसापासून योजनेचे स्वरूपच पालटले, असे म्हणावयास हरकत नाही. धान्य शाळेत शिजू लागले, त्याबरोबर आईच्या डोळ्यांत असलेली सावधगिरीही शाळेकडे आली. पुढील सर्व नियम हे त्या सावधगिरीचे लेखी रूप आहे.

प्रथम वजनाचा विचार करू. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ अथवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे अनुक्रमे १५०, ३०, ७५ व साडेसात ग्रॅम असे आहेत. ही वजने कच्च्या मालाची आहेत, शिजलेल्या अन्नाची नव्हेत. लहान मुलास दुपारच्या एका भोजनातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर मोठ्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा त्यांमागील हिशेब आहे.

हा हिशेब फळ्यावर मांडून पाहण्यासारखा आहे. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० उष्मांक आणि साडेसात ग्रॅम प्रथिने मिळतात. २० ग्रॅम तूरडाळीतून ६५ ते ७० उष्मांक आणि साधारण सव्वाचार ग्रॅम प्रथिने येतात. ५ ग्रॅम तेलाचे ४५ उष्मांक होतात. भाजीचे उष्मांक थोडे, प्रथिने ग्रॅमभर. बेरीज केली असता उष्मांकांत थोडी शिल्लक राहते. प्रथिनांत मात्र जेमतेम १२ चा आकडा पार होतो. म्हणजे उष्मांकांच्या बाबतीत या ताटात थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जाईल, प्रथिनांच्या बाबतीत चालणार नाही. आणि नेमकी डाळच अशी वस्तू आहे की जी कमी पडली तर डोळ्यांना दिसत नाही. तांदूळ कमी पडला तर पातेले लवकर रिकामे होते, मुले आणखी मागतात, ओरड होते. डाळ निम्मी पडली तर खिचडी तेवढीच होते, हळदीने तेवढीच पिवळी दिसते, पोटही तेवढेच भरते. मुलाच्या वाट्याची प्रथिने मात्र दोन ग्रॅमांहून अधिक घटतात.

ही घट आकड्यापुरतीच नसते. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो डाळीत मुबलक असतो. डाळीत जो मेथिओनिन नावाचा घटक उणा असतो, तो तांदूळ पुरवितो. दोन्ही एका ताटात आली म्हणजे शरीराला दोहोंचाही पुरता उपयोग करून घेता येतो. आपल्याकडील वरणभात, खिचडी, उसळभात या जोड्या आहारशास्त्र जन्मण्यापूर्वी गृहिणींनी बसविल्या आहेत, आणि त्या अचूक आहेत. डाळ काढून घेणे म्हणजे तांदळातील प्रथिनाचेही मोल कमी करणे होय.

यास्तव शाळेत तराजू असणे आणि तो रोज वापरात असणे अगत्याचे आहे. रोज तोलणे जमत नसेल तेथे निदान एकदा तरी शाळेतील मापटे डाळीने शिगोशीग भरून तोलावे आणि त्याचे वजन मापट्यावरच रंगाने लिहावे. तूरडाळ, मसूरडाळ, मटकी आणि हरभरा यांचे एकच मापटे एकाच वजनाचे भरत नाही, हेही तेव्हाच ध्यानात येईल.

ज्या शाळेत पहिली ते सातवीचे वर्ग आहेत, तेथे एक सूक्ष्म अन्याय नकळत घडतो. समजा, एखाद्या दिवशी पाचवीपर्यंतची ४५ आणि सहावी-सातवीची २० मुले उपस्थित आहेत. नियमाप्रमाणे साडेचार किलो व तीन किलो मिळून साडेसात किलो तांदूळ, दीड किलो डाळ, पावणेचार किलो भाजी व ३७५ ग्रॅम तेल पातेल्यात गेले. इथवर सारे यथास्थित झाले. परंतु वाढताना डाव एकच, आणि सर्वांना सारखाच! ६५ मुलांत साडेसात किलो तांदूळ सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्यास ११५ ग्रॅम येतो. सातवीतील मुलीचा हक्क १५० ग्रॅमांचा आहे. तिच्या ताटातून जवळजवळ चौथा हिस्सा गेला, आणि तो कोणी चोरलेला नाही. बारा-तेरा वर्षांची ही मुलगी उंची वाढण्याच्या व ऋतुप्राप्तीच्या वयात असते. लोहाची आणि प्रथिनांची गरज तिला त्या काळात सर्वांत अधिक असते. शिवाय आणखी मागण्यास संकोच वाटण्याचेही तेच वय. लहानांना एक डाव तर मोठ्यांना दीड, एवढी साधी गोष्ट वाढणाऱ्यांस सांगून ठेवल्यास हा प्रश्न सुटतो.

भाजीविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की, ती चिरण्यापूर्वी धुवावी. चिरून मग धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पाण्याबरोबर मोरीत जातात. पालेभाजीतील व डाळीतील लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. त्यास क जीवनसत्त्वाची सोबत लागते. खिचडीवर पिळलेले लिंबू हे त्याकरिता औषधच आहे. परसबागेत लिंबाचे अथवा शेवग्याचे एक झाड असेल तर शाळेला तो मोठाच आधार होतो. उलट, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो, हे पालकसभेत सांगण्यासारखे आहे. मीठ आयोडीनयुक्त असावे, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे आणि स्वयंपाक उतरविण्याच्या सुमारास घालावे.

येथे एका अफवेचाही परामर्श घेणे प्राप्त आहे. २०२१ नंतर सार्वजनिक वितरणात व शाळांत पोषणयुक्त तांदूळ येऊ लागला. त्यात साधारण शंभर दाण्यांत एक दाणा निराळा असतो. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तो काढलेला असतो. त्याचा रंग किंचित वेगळा दिसतो, धुताना काही दाणे तरंगतात, आणि मग गावात ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ आला अशी आवई उठते. काही ठिकाणी स्वयंपाकीण हे दाणे वेचून फेकून देते. म्हणजे ज्याकरिता तो तांदूळ पाठविला, तेवढेच नेमके उकिरड्यावर जाते. पालकांसमोर असे दहा-बारा दाणे पाण्यात भिजवावेत आणि बोटांनी चिरडून दाखवावेत. ते पिठासारखे विरघळतात. प्लॅस्टिक तसे विरघळत नाही. व्याख्यानापेक्षा हा प्रयोग अधिक परिणामकारक होतो. असा तांदूळ फार चोळून धुऊ नये व त्याची पेज काढून टाकू नये.

आता चवीकडे वळू. १६ जुलै २०१३ रोजी बिहार राज्यातील सारण जिल्ह्यात गंडामन या खेड्यातील प्राथमिक शाळेत मुलांना भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी वाढण्यात आली. जेवण होते न होते तोच मुले पोट धरून कळवळू लागली, ओकू लागली. त्या अन्नाने २३ मुलांचा बळी घेतला. स्वयंपाकिणीनेही ते अन्न खाल्ले होते व तीही आजारी पडली. तपासात तेलामध्ये मोनोक्रोटोफॉस हे पिकांवर फवारण्याचे जहाल कीटकनाशक आढळले. तेलाचा वास व धूर नेहमीसारखा नाही, हे स्वयंपाकिणीच्या ध्यानात आले होते, असे नंतरच्या वृत्तांतांत प्रसिद्ध झाले. पुढे न्यायालयाने मुख्याध्यापिकेस दोषी ठरविले.

ही घटना प्रत्येक शिक्षकाने मनाशी नीट उलगडून पाहावी अशी आहे. कीटकनाशक शेतकऱ्याच्या घरी असतेच. महाराष्ट्रातील कापसाच्या व सोयाबीनच्या पट्ट्यात तर ते घरोघर असते. रिकामा झालेला डबा घट्ट झाकणाचा आणि मजबूत असतो. तो फेकून देण्यास जीव होत नाही. धुऊन, उन्हात वाळवून तो तेलाला, रॉकेलला, पाण्याला वापरला जातो. अशा डब्याच्या अंगात मुरलेले विष धुण्याने जात नाही. म्हणून शाळेचे तेल मोहोरबंद पिशवीतून अथवा डब्यातूनच यावे, सुटे येऊ नये. धान्याच्या खोलीत फवारणीचे औषध, उंदीर मारण्याचे औषध, फिनेल यांपैकी काहीही असू नये. आणि पोत्यांतील किडे मारण्याकरिता धान्यावर कोणतीही पूड टाकू नये. सोंडे झालेला तांदूळ उन्हात वाळवून, पाखडून, निवडून घेता येतो. बुरशी धरलेला, कुबट वासाचा तांदूळ किंवा शेंगदाणा मात्र निवडून सुधारत नाही. तो परत करावा. पोती भिंतीपासून दूर व फळ्यांवर रचावीत, म्हणजे ओल लागत नाही, आणि जुने पोते आधी संपवावे.

गंडामनच्या दुर्घटनेनंतर केंद्र शासनाने पुन्हा सर्व राज्यांना बजावले की, मुलांना वाढण्यापूर्वी निदान एका शिक्षकाने अन्न चाखलेच पाहिजे.  येथे चवीचा खरा अर्थ स्पष्ट होतो. शिक्षकाची जीभ व नाक ही विषारी रसायनाविरुद्धची शेवटची चौकी आहे. घासाला रॉकेलचा, औषधाचा, खवट तेलाचा किंवा कशाचाही अनोळखी वास आला, जिभेला कडवटपणा अथवा बधिरपणा जाणवला, तर त्या दिवशीचे अन्न वाढू नये. मग पातेले कितीही मोठे असो आणि मुले कितीही भुकेली असोत. स्वयंपाकीणबाईने शंका काढली तर ती मुख्याध्यापकाची शंका समजावी. ती रोज त्याच चुलीजवळ उभी असते, आणि तेलाचा धूर तिच्याइतका कोणी ओळखत नाही. तिचे मानधन थोडे व दर्जा कनिष्ठ समजला जातो म्हणून तिचे म्हणणे ऐकले जात नाही, हे शाळेतील सर्वांत घातक अंतर आहे. चाखल्यानंतर साधारण अर्धा तास थांबून मग वाढावे. या प्रकारचे विष मोठ्या माणसालाही लवकरच लक्षणे दाखविते.

मात्र चवीवर विसंबून घड्याळाकडे दुर्लक्ष करणे, हीही तितकीच मोठी चूक होय. अन्नाला विष होण्याचा दुसरा एक मार्ग आहे, आणि त्यात ना वास येतो, ना चव बिघडते. तांदळावर मातीतील एका जंतूची बीजुके नेहमीच असतात. बॅसिलस सीरियस हे त्या जंतूचे नाव. तांदूळ शिजविताना जंतू मरतात, परंतु बीजुके उकळीतही तग धरतात. भात चुलीवरून उतरून कोमट होऊ लागला की ती अंकुरतात आणि वेगाने वाढू लागतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा त्यांच्या वाढीचा टापू. म्हणजे आपल्याकडील दुपारची कोणतीही खोली! काही तासांत ते असे विष निर्माण करतात की जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. दुसरा जंतू माणसाच्या त्वचेवर, नाकात, पू झालेल्या जखमेत असतो. स्टॅफिलोकॉकस असे त्याचे नाव. स्वयंपाक करणारीच्या बोटाला चिघळलेले कापले असेल व तिने भात हाताने मोकळा केला, तर तो अन्नात उतरतो. त्याचेही विष उष्णतेला दाद देत नाही. ही लक्षणे अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतात. शिक्षकाने चव घेतली, अर्धा तास थांबले, त्यांस काही झाले नाही; आणि मुले चार वाजता घरी जाऊन ओकू लागली, असे घडते ते यामुळे.

याविरुद्ध पहारा घड्याळाचाच. सुगीच्या दिवसांत स्वयंपाकीणबाईला मजुरीला जावयाचे असते. ती सकाळी आठालाच खिचडी करून झाकून ठेवते आणि शेताची वाट धरते. मुले जेवतात साडेबाराला. तिची अडचण खरी आहे, तिला रागावून ती सुटणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत बोलून पर्यायी व्यक्ती नेमणे, अथवा वेळ बदलून देणे, हाच त्यावर उपाय. अन्न चुलीवरून उतरल्यापासून पंगत बसेपर्यंतचा काळ शक्य तितका कमी असावा, आणि वाढताना अन्नातून वाफ निघत असावी. चवीच्या वहीत अन्न उतरविल्याची व वाढल्याची वेळही लिहिली, तर ती वही खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल. उरलेली खिचडी दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन वापरू नये, आणि सायंकाळी घरी नेण्याकरिता डब्यात बांधूनही देऊ नये.

हात आणि पाणी यांविषयी शिक्षकांना नव्याने सांगण्यासारखे थोडे आहे. तथापि एक गोष्ट वारंवार सुटते. स्वयंपाकाचे पाणी उकळतेच. ज्या पाण्याने ताटे विसळली जातात व जे मुले पितात, ते उकळत नाही. म्हणून टी.सी.एल. पावडरीची खरी गरज पिण्याच्या पाण्याला आहे, आणि ती टाकल्यावर अर्धा तास तरी पाणी तसेच राहू द्यावे लागते. मुलांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. नुसत्या पाण्याने धुतलेला हात ओला होतो, स्वच्छ होतोच असे नाही.

अन्नात पाल पडल्याच्या बातम्या वरचेवर येतात व गावात हाहाकार उडतो. आपल्याकडील घरपाल विषारी नाही. तिच्या अंगावर व विष्ठेत साल्मोनेला हा जंतू असू शकतो, तो चांगल्या उकळीत मरतो. थंड होत आलेल्या अन्नात पाल पडली तर मात्र तो जगतो. नक्की केव्हा पडली, हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा ते अन्न टाकून द्यावे, पण मुलांच्या मनात विषबाधेची दहशत भरू नये. भीतीनेही मुलांना मळमळू लागते. पातेल्यावर घट्ट बसणारे झाकण आणि स्वयंपाकघराच्या छपरास आतून लावलेली जाळी हा उपाय स्वस्त आहे.

स्वयंपाकघराच्या जागेसंबंधीही एक दुःखद धडा आहे. १६ जुलै २००४ रोजी, म्हणजे गंडामनच्या आधी बरोबर नऊ वर्षे, तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या गवती छपराच्या स्वयंपाकघरातून आग पसरली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. चूल वा गॅस वर्गाला लागून नसावा, छप्पर गवताचे अथवा ताडपत्रीचे नसावे आणि वर्गाचे दार भोजन शिजत असताना बाहेरून कधीही कडी लावून बंद केलेले नसावे.

इतके करूनही एखाद्या दिवशी मुले आजारी पडलीच, तर प्रथम वाढप थांबवावे आणि ज्यांनी खाल्ले त्या सर्वांना, लक्षणे असोत वा नसोत, एका ठिकाणी बसवावे. १०८ वर दूरध्वनी करावा. गाडी येण्यास वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून ओकारी काढवू नये; गुंगीतील मुलाच्या श्वासनलिकेत ते जाण्याचा धोका असतो. तोंडातून लाळ गळणे, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसली तर ती फवारणीच्या औषधाची खूण समजून डॉक्टरांना तसे तत्काळ सांगावे. त्यावर उतारा आहे, परंतु तो वेळेत द्यावा लागतो. अन्नाचे पातेले, तेलाची पिशवी, उरलेली डाळ धुऊन-पुसून टाकण्याची घाई करू नये. भीतीपोटी नेमके तेच केले जाते आणि काय झाले हे डॉक्टरांना कळण्याचा मार्ग बंद होतो. रोजच्या आहारातील वाटीभर नमुना स्वच्छ, झाकणाच्या डब्यात काढून, त्यावर तारीख व वेळ लिहून चोवीस तास जपून ठेवावा. दुसऱ्या दिवशी नवा नमुना काढल्यावरच पहिला टाकावा.